बेलार्मिनोचा कॅप्टन

माइक बंद करायला आन्सेल्मो येरा विसरला, आणि कॅप्टन रेमिहियो दोनशे माणसांच्या कानांदेखत मेला.

बुधवार होता. सकाळचं वर्तमानपत्र वाचून झालं होतं. आधी उत्पादनाचे आकडे, मग हवामान आणि सगळ्यांत शेवटी बेसबॉल. बेसबॉल आधी वाचला तर पुढचं कुणी ऐकत नाही, हे आन्सेल्मो पहिल्याच आठवड्यात शिकला होता. तो आमच्या चिरुटाच्या कारखान्यातला वाचक. चिरूट वळणाऱ्यांचे हात दिवसभर तंबाखूच्या पानांत गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून साऱ्या क्यूबात कारखान्यांनी एक माणूस नुसता मोठ्याने वाचायला ठेवलेला असतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. तो उंच चौथऱ्यावर बसतो आणि खाली शाळेत असतात तशा बाकांच्या रांगा. कुठली कादंबरी वाचायची हे तो ठरवत नाही आणि साहेबही ठरवत नाहीत. ते कामगार मतदान करून ठरवतात.

तर कॉफीच्या सुटीत बेलार्मिनो चिनेआ आपला कप सांभाळत चौथरा चढला. साठीचा, काटकुळा, मिशा तंबाखूने पिवळ्या पडलेल्या. मतदानाला बारा दिवस राहिले होते आणि यादीतल्या तीन पुस्तकांत त्याचं पुस्तक होतं.

"दोन वाक्यांत सांग," आन्सेल्मो म्हणाला. "मला यादीतल्या सगळ्या पुस्तकांची ओळख करून द्यावी लागते. तुझ्या या पुस्तकात आहे काय?"

"कॅप्टनचे आजोबा जेव्हा बेटावर पहिल्यांदा..."

"आजोबा नकोत. दहा मिनिटांची सुटी आहे. शेवट सांग."

"शेवट मी कुणाला सांगत नाही."

"मी कुणी आहे का? मी वाचक आहे. डॉक्टरपासून कधी कुणी दुखणं लपवतं?"

हे बेलार्मिनोला पटलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आन्सेल्मोच्या कानाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. कॅप्टन नदीच्या तिसऱ्या उतारावर एकटा मागे थांबतो. माणसं, जखमी आणि मार्केसा नावाची खेचरी पलीकडे जाऊ देतो. सगळे सुखरूप पोचले की पलीकडून पोराने बिगूल वाजवायचा, असं ठरलेलं असतं. "आणि बिगूल वाजतो रे," बेलार्मिनो म्हणाला, "पण तो ऐकायला कॅप्टन उरलेला नसतो." एवढं बोलून त्याने बाहीला डोळे पुसले आणि नाक शिंकरलं.

माइक रशियन बनावटीचा होता, तीस वर्षांचा. मोठ्याने वाचलं तर खरखरायचा, पण कुजबूज पकडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाक शिंकरल्याचा आवाज चारही भोंग्यांतून निघाला तेव्हा दोघांनी खाली पाहिलं. दोनशे माणसं कप तोंडाशी धरून वर बघत होती.

आमच्याकडे वाचन आवडलं तर हातातलं पातं लाकडी फळीवर ठकठक वाजवतात. हे पातं म्हणजे पान कापायची चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी. वाचन आवडलं नाही तर तेच पातं जमिनीवर टाकतात. त्याहून मोठा अपमान आमच्या गावात नाही. पहिलं पातं ओदालिसने टाकलं. तिच्यामागे तिच्याबरोबर आलेल्या एकोणतीस जणांनीही टाकली. मग जुन्यांनीही टाकली, कारण सगळे टाकत असताना आपलंच हातात ठेवणं बरं दिसत नाही.

आता ओदालिस धरून या तीस जणांचं महत्त्व काय, ते सांगायला हवं. गावाबाहेरचा साखर कारखाना बंद पडला तेव्हा तिथली तीस माणसं नवं काम शिकून आमच्याकडे आली. ओदालिस त्यांची म्होरकी. अठरा वर्षं उसाच्या गाड्या तोलणाऱ्या काट्यावर बसलेली, आवाज असा की गाड्यांनी आपणहून मागे सरावं. या लोकांना आयुष्यात कुणी कादंबरी वाचून दाखवली नव्हती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी बेलार्मिनोला कधी ऐकलेलं नव्हतं.

जुन्यांनी ऐकलं होतं. बावीस वर्षं ऐकत होते.

बेलार्मिनोचा लेखक सिल्वेरियो आल्मांसा. दहा वर्षांच्या युद्धावर, म्हणजे आपल्या पणजोबांनी ऊसतोडीचे कोयते घेऊन स्पॅनिश तोफांवर चाल केली त्या युद्धावर, त्याने सात जाड कादंबऱ्या लिहिल्या. पहिली 'तिसऱ्या उतारावरचा बिगूल'. पुढच्या सहा क्रमानेच वाचायच्या, यावर बेलार्मिनो ठाम. एका दंतवैद्याने चौथी आधी वाचली म्हणून बेलार्मिनोने आपली दाढ अर्धी कोरलेली तशीच ठेवून दवाखाना बदलला होता.

त्याची शिफारस करायची जागा म्हणजे पावाची रांग. आमच्याकडे रांगेत आलं की विचारायचं, "शेवटचा कोण?" आणि जो हात वर करील त्याच्या मागे आपला नंबर धरायचा. बेलार्मिनोने या पद्धतीतलं मर्म ओळखलं होतं. आपल्या मागचा माणूस आपल्याला सोडून जाऊच शकत नाही. गेला तर नंबर जातो. एखादा अनोळखी चेहरा मागे आला की बेलार्मिनो विचारायचा, "काय हो, आल्मांसा वाचलाय?" त्याने नाही म्हटलं की त्याची सुटका नाही. वाचलाय म्हटलं तरी नाही, कारण मग कितवा वाचला ते सांगावं लागे. आपली पाळी आली की बेलार्मिनो त्याच्याही मागच्याला म्हणायचा, "तुम्ही घ्या, आम्ही नंतर." एकदा एका सांता क्लाराच्या पाहुण्यासाठी त्याने लागोपाठ नऊ जणांना पुढे सोडलं होतं, आणि शेवटी पाव संपला. पाहुणा उपाशी गेला, पण जाताना त्याला मार्केसा खेचरीचा रंग, वय आणि खोडी पाठ झाल्या होत्या.

दुपारच्या जेवणात तो लढाई मांडायचा. ताटातला काळा घेवडा म्हणजे स्पॅनिश फौज. भाताची शितं म्हणजे आपली माणसं. तळलेल्या केळ्याची चकती म्हणजे टेकडी. काट्याने हळूहळू सगळं सरकवत तो चढाई समजावून द्यायचा आणि सरतेशेवटी स्पॅनिश फौज खाऊन टाकायचा. भात मात्र ताटाच्या कडेला सुखरूप ठेवलेला असे. तो नंतर, टोपी काढून, वेगळा खायचा.

कुणाच्या घरी माणूस गेलं की तिथेही तो जायचा, आणि शोकात बसलेल्याच्या शेजारी बसून थोड्या वेळाने हळूच म्हणायचा, "दुसऱ्या भागात असाच प्रसंग आहे. तुम्हाला बरं वाटेल." वाईट हेतू कधीच नसे. पण त्याला थोडक्यात सांगता येत नसे, हा एकच दोष. आजोबांपासून सुरुवात, मग घोड्यांची नावं, मग बंदुका, आणि नदीच्या उतारापर्यंत येईतो पाव मिळालेला असे, जेवणाची घंटा वाजलेली असे किंवा प्रेत उचललेलं असे. शेवटापर्यंत टिकून राहिलेला श्रोता बावीस वर्षांत एकही निघाला नव्हता. आणि टिकला असता तरी शेवट बेलार्मिनोने सांगितला नसता. बाकी सगळं सांगून झालं की तो बोट उंचावून म्हणायचा, "पुढचं पुस्तकात." त्याच्या जन्माचं हेच एक पथ्य होतं, आणि तेच आन्सेल्मोने माइकवर मोडायला लावलं.

मतदानात म्हणूनच तो दर वेळी हरायचा. "अर्धी कादंबरी आम्ही रांगेत ऐकली आहे, उरलेली कशाला ऐकायची?" असं समोरच्या बाकावरची सेनायदा म्हणायची. सेनायदा मोंतेआगुदो प्रेमकथांच्या पक्षाची पुढारी. तिच्या पुस्तकांत एक डॉक्टर असतो, एक परिचारिका असते आणि कुणाला तरी जुळी होतात. एकवीस वर्षं बेलार्मिनोच्या समोर बसून तिने त्याच्या कॅप्टनला मेहुण्यासारखं छळलं होतं.

या वेळचा हिशेब सरळ होता. तीस नव्या मतांवर गाडी पार होणार होती. आन्सेल्मोनेच बेलार्मिनोला बजावलं होतं की नव्या लोकांपाशी तोंड उघडायचं नाही. आणि बेलार्मिनोने अकरा दिवस उघडलं नव्हतं. जेवणाच्या वेळी ओदालिसने सहज विचारलं होतं, "काका, तुम्ही घेवडा असा रांगेत का लावता?" तेव्हा तो घाम पुसत म्हणाला होता, "सवय." महिनाअखेर त्याच्या निवृत्तीचा कागद येणार होता. हे त्याचं शेवटचं मतदान. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सेनायदालाही.

बुधवारनंतर बेलार्मिनो गप्प झाला. रागावला असता तर आन्सेल्मोला बरं वाटलं असतं. तो नुसता गप्प झाला. वळलेल्या चिरुटांच्या जुड्या बांधायचा, नमस्कार करायचा, घरी जायचा. शुक्रवारी पावाच्या रांगेत त्याच्या मागे एक चक्क परगावची बाई येऊन उभी राहिली आणि त्याने तिला काहीही विचारलं नाही. पाव घेऊन निघून गेला. दुकानदाराने काळजीने कारखान्यात निरोप पाठवला की म्हाताऱ्याची तब्येत बघा.

शनिवारी बेलार्मिनोची बायको ओर्तेन्सिया फाटकापाशी आन्सेल्मोची वाट बघत उभी होती. गोल बांध्याची, हातात छत्री, आणि छत्री उन्हासाठी आहे असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

"काय केलंस रे माझ्या नवऱ्याला?"

"माइक चालू राहिला, ओर्तेन्सियाबाई."

"तीन दिवस झाले, त्याने एकाही स्पॅनिश माणसाला हात लावलेला नाही. घेवडा आणि भात एकत्र कालवून खातोय. चमच्याने. मला भीती वाटते."

"मी काय करू सांगा."

"ते मला काय विचारतोस? लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं की या घरात आम्ही तिघं आहोत. अडतीस वर्षं त्या कॅप्टनला शिव्या घातल्या मी. पण तो गेल्यावर घर कसं झालंय, ये आणि बघ. उद्या ये. येताना कॉफी आण, आमची संपलीय."

रविवारी आन्सेल्मो कॉफीची पुडी घेऊन गेला. बेलार्मिनो ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसला होता, पण खुर्ची झुलत नव्हती. शेजारच्या स्टुलावर मेणकापडात गुंडाळलेली सात पुस्तकं.

मतदानाआधी प्रत्येक पुस्तकाच्या बाजूने कुणीतरी पाच मिनिटं माइकवर बोलतं, असा आमचा रिवाज आहे. दर वर्षी बेलार्मिनो बोलायचा आणि पाच मिनिटं संपली तेव्हा कॅप्टनचे आजोबा अजून जहाजातून उतरलेले नसत.

"या वेळी नाही बोलणार," बेलार्मिनो म्हणाला.

"बोलायचं. आणि नीट बोलायचं. मी सराव घेतो. घड्याळ लावतो. चल, कर सुरुवात."

"कशाला? कॅप्टन मेलाय, सगळ्यांना माहीत आहे. मेलेल्याला कोण मत देतं?"

"शेवट माहीत असला तरी माणसं ऐकतात. येशूचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे."

"तो परत येतो," बेलार्मिनो म्हणाला. "कॅप्टन येत नाही."

ओर्तेन्सिया आतून पातेलं आणि लाकडी डाव घेऊन आली आणि दारात बसली. "तू बोल. भरकटलास की मी वाजवते."

बेलार्मिनोने घसा साफ केला. "सहकाऱ्यांनो. सन अठराशे बारामध्ये कॅप्टनचे आजोबा..."

पातेलं वाजलं.

"सहकाऱ्यांनो. या युद्धात बंदुका तीन प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार..."

पातेलं वाजलं.

"सहकाऱ्यांनो," बेलार्मिनो म्हणाला, आणि त्याने ओर्तेन्सियाच्या डावाकडे पाहिलं. "गोष्ट सांगायची नाही, आजोबा सांगायचे नाहीत, बंदुका सांगायच्या नाहीत. मग सांगू काय? पुस्तकाचं वजन?"

"ते का ऐकावं, ते सांग," आन्सेल्मो म्हणाला. "तू स्वतः का ऐकलंस?"

"मी कुठे ठरवून ऐकलं? सतरा वर्षांचा होतो, कामावरचा पहिला महिना. तेव्हाचा वाचक हेच वाचत होता. मला वळायला येत नव्हतं, माझी चिरुटं गाजरासारखी व्हायची. शेजारी एक बाई बसायची, कुणाशी कधी बोलायची नाही, तिला सगळे टरकून असायचे. तो बिगुलाचा भाग आला आणि सगळ्या कारखान्यातली पाती थांबली. एकही हात हलेना. मी बाजूला बघतो तर ती बाई रडतेय, आणि तिच्या पलीकडचा मुकादम रडतोय, आणि कुणी कुणापासून लपवत नाहीय. त्या दिवशी मी बारा चिरुटं कमी वळली आणि मुकादमाने विचारलंसुद्धा नाही." खुर्ची जराशी हलली. "मी नंतर घरी चाळीस वेळा वाचलंय ते पुस्तक. चांगलंच आहे. पण एकट्याने वाचणं म्हणजे एकट्याने डॉमिनो खेळल्यासारखं. सोंगटी मारली तर टेबल वाजतं, पण समोर कुणी चिडत नाही. मला ते परत सगळ्यांबरोबर ऐकायचंय. एकदा."

पातेलं वाजलं नव्हतं. ओर्तेन्सिया डाव मांडीवर ठेवून बसली होती.

"हेच सांग," आन्सेल्मो म्हणाला. "चार मिनिटं झाली. जसंच्या तसं हेच सांग."

"हे कशाला सांगू? हे माझं आहे. शिफारस करायची पुस्तकाची का माझी?"

आन्सेल्मो घरी गेला तो डोकं धरूनच.

मधल्या आठवड्यात सेनायदाने बेलार्मिनोची हार पक्की करायचा बेत केला. कॅप्टन कसा मेला ते ओळीनिशी वाचून दाखवायचं, म्हणजे उरलीसुरली मतंही जातील, म्हणून ती जेवणाच्या सुटीत गावच्या वाचनालयात गेली. तिथे आल्मांसाच्या पहिल्या कादंबरीचं कार्ड होतं, पुस्तक नव्हतं. कार्डावर एकतीस वेळा एकाच माणसाची सही होती, आणि एकतिसाव्या वेळेनंतर पुस्तक परत आलेलं नव्हतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आम्ही मागायला गेलो होतो. त्याने पहिल्या भागाची इतकी शिफारस केली की आम्ही न घेताच परत आलो." दुसरी प्रत जिल्ह्यात कुठे नव्हती. सेनायदा हात हलवत आली, आणि तिला यायला उशीर झाला म्हणून मुकादमाचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

मतदान सोमवारी. पहिल्यांदा सेनायदा चढली. दोन मिनिटांत तिने सांगितलं की डॉक्टर देखणा आहे, परिचारिका गरीब आहे आणि खलनायिका तिचीच सख्खी बहीण आहे. पाती भरपूर वाजली. मग पॅकिंगमधल्या एकाने एका खुनाच्या कादंबरीची बाजू मांडली; खून चांगला होता, पण माणूस तोतरा होता.

मग बेलार्मिनो. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पुस्तक नाही. माइकपाशी उभा राहिला आणि बोललाच नाही. आन्सेल्मो शेजारी घड्याळ घेऊन बसला होता. अर्धं मिनिट गेलं. खाली खोकल्याचे आवाज सुरू झाले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजोबांची वाट बघतोय." हशा झाला. बेलार्मिनोने शर्टाचं वरचं बटण उघडलं, परत लावलं. आन्सेल्मोला वाटलं, आता चाळीस वर्षांपूर्वीचा तो कारखाना निघणार, ती रडणारी बाई निघणार, आणि आपल्यालाही रडू येणार.

"त्या बुधवारी मी आन्सेल्मोला खोटं सांगितलं," बेलार्मिनो म्हणाला. "कॅप्टन मरत नाही."

आणि खाली उतरून आपल्या बाकावर जाऊन बसला. चार मिनिटं शिल्लक होती.

मग ओदालिस उभी राहिली, आणि तिला माइकची गरज नव्हतीच.

"काका, मग तुम्ही रडत का होतात?"

"कॉफी गरम होती," बेलार्मिनो म्हणाला, मान न वर करता.

"कॉफीने डोळ्यांत पाणी येतं, नाकातून येत नाही."

"हा आत्ता खोटं बोलतोय," सेनायदा म्हणाली. "त्या दिवशी खरं बोलला. एकवीस वर्षं मी याच्या तोंडाकडे बघतेय, मला कळतं."

"मग सहा भाग अजून कशाचे आहेत?" नव्यांपैकी एकाने विचारलं. "पहिल्यातच नायक मेला तर पुढची सहा पुस्तकं कुणाची?"

"का?" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "माझी सासू जाऊन सात वर्षं झाली, घरात अजून तिचंच चालतं."

"ती वेगळी गोष्ट. ते युद्ध आहे."

"तू माझ्या सासूला बघितलेलं नाहीस."

"बिगूल वाजतो तेव्हा तो ऐकायला तिथे नसतो, असं म्हणाला होता हा," पॅकिंगमधला तोतरा हळूहळू म्हणाला, आणि आज सगळ्यांनी त्याला बोलू दिलं. "नसतो म्हणजे मेला असंच कुठे आहे? पळूनही गेला असेल."

हे ऐकून बेलार्मिनो उभा राहिला. कॅप्टन पळून गेला असेल, हे वाक्य त्याच्या छातीत कोयत्यासारखं घुसलं असणार. त्याचं तोंड उघडलं. आन्सेल्मोने वरून त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. बेलार्मिनोने तोंड मिटलं आणि खाली बसला. आमच्या माहितीत, कॅप्टनचा अपमान होत असताना तो गप्प राहिल्याची ही एकच वेळ.

मतदानाच्या चिठ्ठ्या टाकेपर्यंत कारखान्याचे दोन तट पडले होते. मेलावाले आणि वाचलावाले. बाप एका तटात आणि लेक दुसऱ्यात, असंही एका घरात झालं. खुनाच्या कादंबरीवाला आपली स्वतःची चिठ्ठी बदलून घ्यायला परत आला. मोजणी झाली तेव्हा एकशे एकतीस मतं 'तिसऱ्या उतारावरचा बिगूल'ला पडली होती. त्यातलं एक सेनायदाचं होतं, आणि तिने ते लपवलं नाही.

"याला खोटा पाडायचाय मला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. पानासकट."

"कधीचा खोटा?" ओदालिसने विचारलं. "बुधवारचा की आजचा?"

"दोन्ही," सेनायदा म्हणाली.

ओर्तेन्सियाने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की काल रात्री जेवणात एकही स्पॅनिश जिवंत सुटला नाही.

त्याच आठवड्यात निवृत्तीचा कागद आला. बेलार्मिनो तो घेऊन कार्यालयात गेला आणि सही न करता टेबलावर ठेवून उभा राहिला. साहेबांनी विचारलं, अडचण काय?

"थोडं पुढे ढकलायचं होतं."

"किती? एखादा महिना?"

"सात पुस्तकं."

"सात पुस्तकं म्हणजे किती दिवस?"

"ते आन्सेल्मोच्या वाचण्यावर आहे. तो स्वल्पविरामाला फार थांबतो."

साहेबांनी वळण्याच्या कामाला हात कमीच आहेत असं म्हणत कागद खणात टाकला. मुकादमाने नंतर हिशेब केला की आन्सेल्मोच्या वेगाने साडेतीन वर्षं होतात. सेनायदाने मध्ये मध्ये आपली परिचारिका घुसवली तर पाच.

पहिल्या वाचनाच्या दिवशी, दुपारच्या घंटेआधी, बेलार्मिनोने मेणकापड सोडून पहिला भाग आन्सेल्मोच्या हातात दिला. वाचनालयाचा शिक्का आतल्या पानावर होताच. आन्सेल्मोने सवयीने पुस्तक उलटं केलं आणि मागून उघडायला गेला. उघडेना. शेवटच्या प्रकरणाची सगळी पानं कडेने चिकटवलेली होती. चिरुटाचं टोक बंद करायला आम्ही वापरतो तो डिंक, अगदी पातळ, सफाईदार हात फिरवलेला. आणि वरून चिरुटाला चढवतात तशी कागदाची सोनेरी पट्टी, नीट मध्यावर.

आन्सेल्मोने वर पाहिलं. बाकांवर माणसं आधीच येऊन बसली होती. मेलावाले डावीकडे, वाचलावाले उजवीकडे, असं कुणी न सांगता झालं होतं. सेनायदाने समोरचं फूलपात्र हलवून ठेवलं होतं, बेलार्मिनोचा चेहरा नीट दिसावा म्हणून. ओदालिस पुढच्या रांगेत पातं हातात घेऊन तयार होती, आणि ते फळीवर वाजायचं की जमिनीवर पडायचं हे अजून तिचं ठरलेलं नव्हतं.

चौथऱ्याकडे जाण्याऐवजी आन्सेल्मो बेलार्मिनोच्या बाकापाशी वाकला.

"हे बघ," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मला शेवटपर्यंत वाचायचंय ते. आवाज कुठे चढवायचा, कुठे धरायचा, आधी माहीत असलेलं बरं. आणि इथे आता माइक नाही. मला एकट्याला सांग. खोटं कधी बोललास, बुधवारी की सोमवारी?"

बेलार्मिनोने फळीवरची पानं सारखी केली, वरचं पान हाताने सपाट केलं आणि पातं उचललं.

"तुला पगार वाचायचा मिळतो," तो म्हणाला, "विचारायचा नाही."